लाइन नंबर तेवढा सांगायचा

आमच्या आत्याला घरात सगळे हॅलोआत्या म्हणतात. तीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी केली. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी फोन उचलला की ती आधी स्वतःचा नंबर म्हणून दाखवते आणि मग ‘बोला’ म्हणते. समोर तिचा सख्खा भाऊ, म्हणजे माझे बाबा असले तरी सवलत नाही. हट्टी आहे, टापटिपीची आहे, आणि माझा तिच्यावर फार जीव आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

तर झालं असं, की तिने तपासणीसाठी रक्त दिलं होतं आणि लॅबचा मेसेज आला: रिपोर्ट तयार आहे, खालच्या लिंकवर पाहा. लिंकवर बोट लावायचं नाही, असं मीच तिला शंभर वेळा बजावलेलं. म्हणून या बाईने तो अख्खा पत्ता चिठ्ठीवर उतरवून घेतला आणि एकेक आकडा मोठ्याने म्हणत कॉम्प्युटरवर टाइप केला. शेवटचा आकडा तेवढा चुकला. सहाच्या जागी सात पडला, आणि भलत्याच माणसाचा रिपोर्ट उघडला.

मी पोचले तेव्हा कॉम्प्युटरवर उशीचा अभ्रा घातलेला होता.

“राँग नंबर लागला गं,” आत्या म्हणाली. “तीस वर्षांत लागला नव्हता.”

तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मी वेबसाइट बनवणाऱ्या ऑफिसात काम करते, त्यामुळे घोटाळा माझ्या लगेच लक्षात आला. चूक तिची नव्हतीच. रिपोर्ट मागणारा माणूस कोण, हे लॅबची वेबसाइट विचारतच नव्हती.

“तुझा स्वतःचा कसा आला?” मी विचारलं.

“छान. सगळं नॉर्मल.” चिठ्ठी तिने चष्म्याच्या डबीत घातली.

“आणखी दोन-चार आकडे टाकून बघू, म्हणजे कळेल किती जणांचे—”

तिने माझ्या हातावर चापट मारली. चांगली लागली.

मग तिने मला एक्स्चेंजचा नियम सांगितला. क्रॉस कनेक्शन झालं आणि कुणाचं बोलणं कानावर पडलं, की लगेच प्लग काढायचा. सुपरवायझरकडे जायचं. लाइन नंबर तेवढा सांगायचा. ऐकलेलं तिथेही सांगायचं नाही आणि घरीही नाही. पुन्हा ऐकू येतं का, हे बघायला प्लग परत लावणाऱ्या एका ऑपरेटरशी आत्या निवृत्त होईपर्यंत बोलली नव्हती.

तिने तोंडाने सांगितला आणि मी तिच्या नावाने लॅबच्या कंपनीला मेल लिहिला. अमुक पत्ता, शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्याचा रिपोर्ट दिसतो. मी एक चुकून पाहिला, दुसरा पाहणार नाही. दुरुस्त होईपर्यंत बाहेर बोलणार नाही, पण घाई करा.

तीन दिवस उत्तर नाही. माझं डोकं फिरलं. म्हटलं, सरळ जाहीर करू, मग कसे धावत येतात बघ.

“ते धावत येईपर्यंत सगळी दुनिया आकडे बदलत बसेल,” आत्या म्हणाली. “मग त्या लोकांचं काय?”

चौथ्या दिवशी कंपनीतल्या इंजिनियरचा आत्याला फोन आला; तिने तो स्पीकरवर टाकला. आवाजावरून बिचारा दमलेला वाटत होता. “मॅडम, आमच्याकडे तसं होताना दिसत नाही. तुम्ही पाहिलेल्या रिपोर्टचा फोटो पाठवता का? पुराव्याशिवाय वरचे लोक हात लावू देत नाहीत.”

“तो रिपोर्ट माझा नाही. त्याचा फोटो मी काढलेला नाही आणि काढणारही नाही.”

“मग मी त्यांना काय दाखवू?”

आत्याने चष्म्याच्या डबीकडे पाहिलं. मग म्हणाली, “पाच मिनिटं द्या.”

फोन ठेवून तिने स्वच्छ टेबल पुन्हा पुसलं. चष्म्याच्या डबीतून चिठ्ठी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

“तुझ्या फोनवर माझा उघड. कोण म्हणून न विचारता उघडला, की तोच पुरावा. माझा दाखवायला माझी परवानगी आहे.”

मी उघडला. फोटो काढायचा तर बघावं लागतंच. आत्या खिडकीकडे तोंड करून उभी होती.

तिचा रिपोर्ट नॉर्मल नव्हता.

मी फोटो पाठवला.

“वाचलंस?” तिने न वळता विचारलं.

“नाही.”

“शहाणी गं माझी,” ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. मला रडू आवरेना. मी नळ सोडून तोंड धूत बसले.

त्याच संध्याकाळी कंपनीने रिपोर्ट बंद केले आणि दोन दिवसांनी, ओळख पटल्याशिवाय उघडणार नाहीत असे करून, पुन्हा सुरू केले. आभाराच्या यादीत नाव काय घालू, असं इंजिनियरने विचारलं. आत्याने ‘ऑपरेटर’ एवढंच घालायला सांगितलं. पुढच्या मंगळवारी ती हॉस्पिटलला निघाली, तेव्हा मी खाली रिक्षा घेऊन उभी होते. कशाला आलीस, असं तिने विचारलं नाही. सरकून जागा दिली.

बाबांना तिने महिन्याभराने स्वतः सांगितलं. बाबा आधी रडले आणि मग माझ्यावर उखडले. “तुला ठाऊक होतं? आणि महिनाभर माझ्यासमोर जेवत बसलीस?”

मी खाली मान घातली. आत्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

“तिला काही बोलू नकोस,” ती भावाला म्हणाली. “तिला फक्त लाइन नंबर माहीत होता.”