रडत गाडी चालवली तर

आमच्या थोरल्या जाऊबाई बयाबाई कुठल्याही दुकानात गेल्या की काय मिळतं ते विचारत नाहीत. काय मिळणार नाही, ते आधी विचारतात. समोरचा बिचारा हसतमुखानं माल दाखवायला लागतो आणि ह्या म्हणतात, "ते असूद्या. बिघडलं तर कुटं हात वर करणार, तेवढं सांगा." मला शेजारी उभं राहायची लाज वाटते, आणि हसूही येतं.

वडिवळ्यात आमची भातशेती. शिवाय आम्ही दोघी जावा भाकऱ्या थापतो, त्या कार्ल्याच्या एका हॉटेलात जातात. भाकऱ्या न्यायला येणारा टेम्पोवाला महिन्यातले निम्मे दिवस गायब असायचा. शेवटी बयाबाई वैतागल्या आणि म्हणाल्या, आता गाडी मीच शिकते. पन्नाशी उलटलेली बाई. घरात पिकअप होती, ती चालवायचे आमचे हे, म्हणजे अमृत, पण त्यांचा दिवस ट्रॅक्टरवरच जायचा. भात काढून मोकळ्या झालेल्या खाचरात शिकवणी सुरू झाली. हे ओरडायचे, बयाबाई हसायच्या, आणि बांधावर बसून निम्मं गाव अक्कल शिकवायचं. पेंढ्याची एक गंजी गेली, एक बाभळ वाकली, पण लायसन आलं. त्या दिवशी त्यांनी गावभर पेढे वाटले, तेही पिकअप घेऊन दारोदार हिंडत.

मग त्यांच्या राजेश्वरीचं लग्न ठरलं. मुलगा भाजे गावचा, लग्न आमच्या दारात. सुपारी फुटते न फुटते तोच बयाबाईंनी जाहीर करून टाकलं, "पोरीला सासरी मीच सोडणार. गाडीनं. माज्या हातानं." त्यांच्या मालकांना, कैलासभाऊजींना, गाडीचा नुसता वास आला तरी मळमळतं, त्यामुळं त्यांचा प्रश्नच नव्हता.

आक्काबाई आमच्या चुलतसासूबाई, घरात सगळ्यांत मोठ्या. त्यांनी पदर सावरला. "अगं, आई कुटं लेकीला सासरी पोचवायला जाते व्हय? पाठराखीण जाते. आईनं उंबऱ्यातनं हात हलवायचा."

"आई म्हणून न्हाई जात," बयाबाई म्हणाल्या. "ड्रायव्हर म्हणून जाते. ड्रायव्हरला काय रीत आसती का?"

पिकअपला मात्र कांद्याचा आणि शेणखताचा असा काही वास होता, की तीत बसवलं असतं तर नवराच माघारी पळाला असता. म्हणून आम्ही दोघी लोणावळ्याला गेलो, स्वतः चालवायची भाड्याची गाडी बघायला. दुकान एवढंसं, बाहेर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या गाड्यांची रांग, आणि आत नसीरभाऊ. मालक दुसरेच कुणी, पण गिऱ्हाईक सगळं नसीरभाऊच सांभाळतात. माणूस फार गोड.

"मावशी, कायद्यानं लागतो तो विमा गाडीला असतोच," ते म्हणाले. "तुमच्या हातून दुसऱ्या कुणाला लागलं, कुणाचं नुकसान झालं, तर ते त्यात येतं."

"म्हंजी आपला बैल दुसऱ्याच्या रानात शिरला तर त्याचं पीक भरून देणार."

"बरोबर."

"आन् बैलाचाच पाय मोडला तर?"

नसीरभाऊ हसले. "त्यासाठी वेगळा प्लॅन. साधा घेतलात तर गाडीला मार बसल्यावर ठरलेल्या रकमेपर्यंत तुम्ही भरायचं, त्याच्या वरचं आम्ही. मोठा घेतलात तर तुमचा वाटा अगदी थोडा. पण आत्ता पैसे जास्त."

"मोठ्यात काय काय येत न्हाई?"

झालं. मी स्टुलावर नीट बसून घेतलं. नसीरभाऊंनीही खुर्ची पुढं ओढली. टायर येत नाही, काच येत नाही. ओढ्यात घालून इंजिनात पाणी गेलं तर नाही. किल्ली हरवली तर नाही, दारू पिऊन चालवली तर काहीच नाही, जाणूनबुजून केलेलं नुकसान नाही. आणि ज्याचं नाव लिहिलंय त्याला सोडून दुसऱ्या कुणी चालवली तर सगळंच गेलं. "आणि मावशी, काही लागलं तर तिथूनच फोन करायचा. लपवलं तर प्लॅन घेऊन न घेतल्यासारखाच."

बयाबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या.

"दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव घालू का? दीर आहेत म्हणालात."

"नको," त्या इतक्या पटकन म्हणाल्या की मी वळून बघितलं. माझ्याकडं बघून गालात हसत होत्या. लबाड बाई. आता अख्ख्या भावकीत कुणी स्टिअरिंगला हात लावू शकणार नव्हतं.

मोठा प्लॅन ठरला. पायऱ्या उतरलो आणि ह्या माघारी फिरल्या. "नसीरभाऊ, एक राहिलं. रडत गाडी चालवली तर?"

नसीरभाऊंनी डोकं खाजवलं. "असं आजवर कुणी विचारलं नाही मावशी. लिहिलेलं तर काही नाही. पण ड्रायव्हर सावध पाहिजे. डोळ्यांपुढचं दिसत नसताना चालवलीत आणि ठोकलीत, तर मी कुठल्या तोंडानं तुमची बाजू घेऊ?"

"म्हंजी येत न्हाई," बयाबाई म्हणाल्या.

येताना एसटीत त्यांनी तिकिटं पदराला बांधली. मग म्हणाल्या, "सारिके, गाडीची किल्ली माज्याकडं हाय तवर मी रडायची न्हाई. आन् तवर तू बी रडायचं न्हाई." मी कबूल केलं. मला काय, मी हसतच होते.

लग्न झोकात झालं. पांढरी गाडी झेंडूच्या माळा लावून दारात उभी. पाठवणीच्या वेळी राजेश्वरीनं आईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, कैलासभाऊजी खांबाला धरून हुंदके देत होते, आणि बयाबाई कोरड्या ठणठणीत. मुठीत किल्ली. मुलाकडच्या दोन बायका कुजबुजल्या, केवढी कठोर म्हणायची ही आई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण विमा काय त्यांना समजावून सांगत बसू?

तेवढ्यात आमच्या ह्यांना गाडीची पूजा आठवली. चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर हळदी-कुंकवाची बोटं उमटली, इथवर ठीक. आमच्याकडं ट्रॅक्टरचा नारळ ट्रॅक्टरच्याच तोंडाशी, पुढच्या लोखंडावर फोडतात. हे बारा महिने ट्रॅक्टरवर बसणारे. यांनी देवाचं नाव घेतलं, नारळ उगारला आणि त्या पांढऱ्याशुभ्र गाडीच्या बंपरवर आदळला. नारळ फुटला नाही. बंपर फुटला.

वाजंत्री थांबली. तडा दिव्याखालून पार नंबरपाटीपर्यंत गेलेला, आणि हे हातातल्या अखंड नारळाकडं बघतायत, त्याचीच चूक असल्यासारखे. असा संताप आला होता मला, तोच नारळ यांच्या हातातनं घ्यावा आणि पुढचं काम मी करावं. पण पाहुणे होते.

"कुणाला कळतंय," हे म्हणाले. "बैलानं शिंग मारलं म्हणू. बैल काय साक्ष द्यायला येतोय?"

"बैल न्हाई येणार. मला जायचंय तितं," म्हणत बयाबाईंनी फोन काढला.

आक्काबाईंनी लगेच डाव साधला. मुलाकडची जीप शेजारीच उभी होती. "फोन केलास की तो म्हणणार, गाडी हलवू नका. मग बस की बोंबलत. त्यापरीस पोरीला जीपमधी बसवा आन् तू ऱ्हा घरी. देवानंच आडवलं म्हणायचं."

बयाबाईंचा अंगठा फोनवर तसाच थांबला. गप्प निघाल्या असत्या तर लेक शेजारी बसून गेली असती. सांगितलं तर कदाचित जीपच्या धुरळ्याकडं बघत हात हलवायचा. कधीपासून धरलेली एवढी एकच हौस. त्यांनी राजेश्वरीकडं बघितलं. "पोरगी पयल्यांदा सासरी चाललीय," त्या म्हणाल्या, "तिला लबाडीच्या गाडीत बसवून न्हाई न्यायची मला." आणि फोन लावला.

स्पीकर चालू, अख्खं वऱ्हाड कान देऊन.

"नसीरभाऊ, बंपर फुटला."

"कुणाला लागलं का?"

"न्हाई. नारळ लागला."

"झाडावरनं पडला?"

"न्हाई, दिरानं आपटला."

"चुकून ना?"

बयाबाईंनी आमच्या ह्यांच्याकडं एकदा बघितलं. "न्हाई बाबा. मुद्दाम. चांगलं व्हावं म्हणून."

पलीकडनं खोकल्यासारखं काहीतरी आलं, ते हसू होतं. त्यांनी फोटो मागितले, दिवे लागतात का, बंपर चाकाला घासतो का ते विचारलं आणि म्हणाले, मालकांशी बोलून सांगतो.

आम्ही सगळे फोनभोवती उभे. जावईबापूंना भूक लागली होती. त्यांनी तो नारळ ह्यांच्याकडनं घेतला, दगडावर फोडला आणि खोबरं वाटलं. त्या क्षणी मला पोरगा पसंत पडला.

फोन वाजला. "मावशी, मुद्दाम केलेलं आहे, म्हणून बंपर प्लॅनमध्ये येत नाही. तो भरावा लागेल. पण तुम्ही लगेच कळवलंत, त्यामुळं बाकी गाडीचा प्लॅन आहे तसा चालू. दिवे ठीक आहेत, बंपर लोंबत नाही. निघा. सावकाश जा."

"बंपर अमृतभावजी भरणार," बयाबाई म्हणाल्या आणि गाडीचं दार उघडलं.

"मग निदान अमृतला तरी चालवू दे गं," आक्काबाईंनी शेवटचं सांगून बघितलं.

"विम्यात त्यांचं नाव न्हाई, आक्का."

राजेश्वरी आईच्या शेजारी, मागं जावईबापू आणि पाठराखीण म्हणून मी, मांडीवर लाडवांचा डबा. कामशेत येईपर्यंत पोरगी मुसमुसत होती. "गप," बयाबाई म्हणाल्या, "तुजं बघून मला यील." तशी ती रडता रडता हसायला लागली, जावईबापू हसले, मी तर डब्यावर डोकं टेकलं. हायवेला लागल्यावर बयाबाईंनी दिसेल त्याला शिव्या घालायला सुरुवात केली. बसवाल्याला घातल्या, मध्येच थांबून फोटो काढणाऱ्यांना घातल्या, कार्ल्याच्या फाट्यावर उलटा आलेल्या एका मोटरसायकलवाल्याच्या तर सात पिढ्या काढल्या. मला ठाऊक होतं, रडू मागं सारायला चाललंय हे सगळं.

मळवलीचं फाटक बंद होतं. शिव्या द्यायला समोर कुणी नाही. राजेश्वरीनं हळूच आईच्या गिअरवरच्या हातावर हात ठेवला. रेल्वे धडधडत गेली तरी दोघींचे हात तिथंच.

"हात काढ बाळा," बयाबाई म्हणाल्या. "गिअर टाकायचाय."

शब्द मोडला मी. डब्याच्या झाकणाआड डोळे पुसले.

भाज्यात दारात बायका ओवाळायला उभ्या होत्या. विहीणबाई चांगल्या, आत चला म्हणून किती आग्रह करत होत्या. बयाबाई पट्टासुद्धा न काढता बसून राहिल्या. "आई घरी हाय, मी ड्रायव्हर," एवढंच म्हणाल्या. सगळ्या हसल्या. राजेश्वरी माप ओलांडून आत गेली आणि परत दारात आली. लाडवांचा डबा आत देऊन, गाडी परत केली की मुक्कामाला येते म्हणून सांगून, मी माघारी गाडीत बसले. गाडी वळली तेव्हा आरशात ती दिसत होती, लहान लहान होत. बघू नका म्हणावं, तर आरशात बघितल्याशिवाय गाडी चालवायची कशी?

लोणावळ्याला पोचलो तेव्हा अजून उजेड होता. नसीरभाऊ गाडीभोवती फिरले, तड्यावरून बोट फिरवलं, सीटवरच्या अक्षता झटकल्या. "बाकी कुठं ओरखडासुद्धा नाही मावशी. द्या किल्ली."

बयाबाईंनी मूठ उघडली. तळहातावर किल्लीचे वळ उठले होते.

"झालं. आता गाडी आमची."

"माज्यावर काय न्हाई आता?"

"काही नाही."

त्या दुकानाच्या पायरीवर खाली बसल्या, पदर तोंडाला लावला आणि ढसाढसा रडायला लागल्या. जाणारे-येणारे थांबले. नसीरभाऊ घाबरून पाणी घेऊन धावले. "मावशी, बंपरचं एवढं काय मनाला लावून घेता? मी बोलतो मालकांशी."

"बंपर जाऊ दे रे खड्ड्यात," बयाबाई म्हणाल्या. "पोरगी गेली माजी."

मग मीही त्यांच्या शेजारी पायरीवर बसले, आणि आम्ही पोटभर रडलो.