जॅकेटची गुंडाळी

डॉक्टर म्हणाले, "सिव्हिअर हायपोथर्मिया." म्हणजे शरीराच्या आतली उष्णता जीवघेणी कमी होणं. आपलं तापमान सदतीस अंश सेल्सिअस असतं, माझं सत्तावीस भरलं होतं. जून महिना, बाहेर हरियाणातलं मानेसर भाजून निघत होतं आणि मी गारठून मरायला टेकलो होतो.

नीट शुद्धीवर आल्यावर मी पहिलं नाव घेतलं ते सतबीरचं.

मी फ्रोझन मालाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये क्वालिटी बघतो. संशय घेणं हेच माझं काम. सतबीर तिथे फोर्कलिफ्ट चालवतो. आदल्याच दिवशी मी त्याची तक्रार वर केली होती. उणे वीसच्या खोलीत मी असताना दार लावलं ते त्यानेच. आतलं हँडल बर्फाने अडकलेलं. तीन तासांनी सापडलो तेव्हा अंगावर जॅकेट नव्हतं. मग काढलं कुणी? मी मॅनेजरला फोनवर सांगून टाकलं, यानेच मला कोंडलं. सतबीरला घरी बसवलं गेलं.

आयसीयूत शिरेतून कोमट सलाइन, छातीवर ईसीजीच्या तारा. नर्स मला अगदी हळू कुशीवर वळवायची, कारण गारठलेल्या माणसाला धसमुसळेपणाने हलवलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तुमच्यासमोर असा कुणी आला तर हातपाय चोळू नका, दारू पाजू नका. आडवं ठेवा, पांघरूण घाला, हॉस्पिटल गाठा. मला असं अलगद उचलून आणलं होतं सतबीरनेच. तेव्हा हे कळलं असतं तर त्यातही मला डाव दिसला असता.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी 'पॅराडॉक्सिकल अनड्रेसिंग' समजावलं. गारठण्याच्या शेवटी अंगाची आग होते आणि माणूस आपणच कपडे काढतो. मला वाटलं, कंपनीने यांना पढवलंय.

संध्याकाळी माझी बायको मंजिरी कंपनीतून माझ्या सामानाची पिशवी घेऊन आली. तिने जॅकेट बाहेर काढलं आणि बघतच राहिली. बाह्या आत खुपसून गळ्याकडून खाली गुंडाळलेलं.

"अशी गुंडाळी तुझ्याशिवाय कोण करतं रे?"

माझी हॉस्टेलपासूनची सवय. तिने ते उलगडलं तर खिशातून लाल टॅग पडला. आत जाताना तो दाराबाहेरच्या हुकला लावायचा, म्हणजे आत माणूस आहे हे कळतं. आत दोनच मिनिटांचं काम आहे म्हणून मी लावलाच नव्हता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथूनच मॅनेजरला फोन करून खरं ते सांगितलं. सतबीर कामावर परतला. मला भेटायला मात्र आला नाही.

महिन्याभराने मी रुजू झालो. बोटांची टोकं अजून बधिर आहेत. माफी मागितली, तो "ठीक है जी" म्हणाला आणि कामाला लागला.

आता मी त्या खोलीकडे वळलो की तो फोर्कलिफ्ट थांबवतो. टॅग मी लावलेला असतो. तरी तो उतरून येतो, ओढून बघतो, मगच जातो. त्याचा माझ्यावर विश्वास राहिलेला नाही, आणि त्याच्या त्या संशयाचा मला फार आधार वाटतो.