शनिवारचा सामना

बासष्ट साली मुंबईहून इस्राएलमधल्या येरुहाम गावी आलो तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. मुंबईत शाळेत पी.टी. मास्तर होतो. इथे सकाळी कारखाना आणि दुपारी शाळेचा फुटबॉल संघ. मैदानातले दगड आम्ही रोज वेचायचो आणि रोज नवे वर यायचे. संघात अर्धी मुलं मोरोक्कोची, अर्धी आमची, म्हणजे महाराष्ट्रातून आलेल्या बेने इस्राएल ज्यूंची. माझं हिब्रू कच्चं होतं, म्हणून मी मराठीतच ओरडायचो. दोन महिन्यांत मोरोक्कोची पोरंही एकमेकांना "अरे गाढवा, पास दे!" म्हणायला लागली.

त्या संघात एक पंधरा वर्षांचा मुलगा होता. त्याचे वडील कारखान्यात माझ्याच पाळीला भट्टीवर असायचे. मूळचे कोकणातल्या आमच्या बाजूचेच. मुलाच्या डाव्या पायात असं काही होतं, की चेंडू त्याचं ऐकायचा. पुढे चाळीस वर्षं मी मुलांना खेळ शिकवला, पण तसा पाय पुन्हा पाहिला नाही.

वडिलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मास्तर, सहा दिवस पोरगा तुमचा. शनिवार माझा."

मी हो म्हणालो; शनिवार म्हणजे आमचा शब्बाथ, विसाव्याचा पवित्र दिवस, त्या दिवशी काम नाही की खेळ नाही. शाळांचे सामने मधल्या वारी असत, त्यामुळे अडचण आली नाही. पण चौसष्ट साली आम्ही स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यापर्यंत पोहोचलो, आणि तो बेर-शेवाला, शनिवारी सकाळी. तिथल्या एका कॉलेजला प्रशिक्षक हवा होता. त्यांचा माणूस सामना पाहायला येणार होता. भट्टीच्या धुरातून सुटायची मला तेवढीच एक वाट दिसत होती. हे मी घरीसुद्धा बोललो नाही.

मी मुलाच्या वडिलांकडे गेलो. म्हणालो, "सामना बाकीची पोरं खेळतील. पण बेर-शेवाला माझ्या बहिणीकडे नवसाचा मलिदा आहे, शनिवारी शब्बाथ सुटल्यावर. मुलाला पाठवा. शुक्रवारच्या बसने नेतो."

संदेष्टा एलियाहू हन्नाबीच्या नावाने गोड पोहे, खोबरं आणि फळांचं तबक भरतात, त्या मलिद्याला आमच्यात कोणी नाही म्हणत नाही. हे ठाऊक होतं म्हणूनच मी ते नाव घेतलं. बहिणीकडे नवस नव्हता, मलिदाही नव्हता.

शुक्रवारी वडील बसपर्यंत सोडायला आले. पिशवीत धुतलेला पांढरा सदरा आणि टोपी होती. "तबकातला खजूर माझ्यासाठी आण रे," एवढंच मुलाला म्हणाले.

शनिवारी सकाळी बहिणीच्या ओट्यावर मी मुलाला सांगितलं, "काल तुझ्या बाबांनी मला परवानगी दिली. आज खेळायचं."

"बाबांनी? शनिवारी?"

"मी खोटं बोलेन का?"

तो इतका खूश झाला की मी आणलेले बूट त्याने ओट्यावरच चढवले. दोन गोल त्याने केले. तिसऱ्यासाठी धावताना समोरचा मुलगा त्याच्या गुडघ्यावर आदळला. तो आवाज मला बाकावर ऐकू आला. सामना आम्ही जिंकलो.

रविवारी वडील इस्पितळात आले. पलंगाशी उभे राहून त्यांनी मुलाला विचारलं, "शब्बाथला तुला खेळायला कोणी सांगितलं?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तो आपण होऊन मैदानावर आला. म्हणाला, बाबांनी हो म्हटलंय. मला खरं वाटलं."

मुलाने तोंड भिंतीकडे फिरवलं. मास्तरांना तोंडावर खोटं पाडायची आमच्या घरांत रीत नव्हती, आणि मी त्याच रीतीच्या आड लपलो. वडिलांनी पिशवी उचलली. सदऱ्याची घडी तशीच होती. जाताना मला म्हणाले, "मास्तर, तुमची चूक नाही. पोरगाच खोटारडा निघाला."

दोन महिन्यांत मी कॉलेजात रुजू झालो. मुलाचा पाय सरळ झाला नाही. सक्तीच्या नोकरीत लष्कराने त्याला कोठारात बसवलं. नंतर तो तेल अविवला गेला. वडील मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी कॉलेजने माझा सत्कार केला, तेव्हा सगळे त्याच सामन्याबद्दल बोलत होते.

गेल्या वर्षी तो मुलगा वारला. मी येरुहामला त्याच्या धाकट्या बहिणीकडे गेलो. त्या सामन्याच्या वेळी ती नऊ वर्षांची होती, आता नातवंडांची आजी आहे. नातू दारातूनच हिब्रूत आजीला हाक मारत ओरडला, "सावता, कोणीतरी म्हातारा आलाय!"

मी सगळं सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे मलिदा नव्हताच?"

"नव्हता."

"बाबा त्या दिवशी संध्याकाळी आम्हाला म्हणाले होते, आता तिकडे तबक भरलं असेल." ती उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. "मास्तर, तो मलिदा आता करा. इथे, माझ्या घरी. दहा माणसं बोलवा, आणि तबकाला हात लावायच्या आधी हे त्यांना सांगा. तोवर माझ्या घरचा चहासुद्धा नको."

परवा केला. पोहे तिने भिजवले, नारळ मी खवला. प्रार्थनेला लागतात त्या दहा माणसांसमोर उभं राहून मी बोललो. तरुणांना मराठी कळेना, म्हणून तिचा नातू एकेक वाक्य हिब्रूत सांगत होता. 'खोटारडा' या शब्दाशी तो अडला आणि माझ्याकडे बघत राहिला. तो शब्द मी स्वतःच हिब्रूत सांगितला, आणि तो कोणासाठी आहे तेही.

नंतर तिने तबकातले दोन खजूर उचलून वडिलांच्या फोटोपुढे ठेवले. मला तिने काही दिलं नाही. मीही मागितलं नाही.