मशीन लावलं त्या दिवशी कानबाई दारात आली

तापातून उठले तरी माझी छाती ताळ्यावर येईना. साडीवर टिकल्या चिकटवायला बसले की मध्येच एक ठोका चुकायचा आणि मग काळीज धडधडत सुटायचं. आम्ही राहतो त्या डिंडोलीच्या दवाखान्यात दोनदा ईसीजी काढला, दोन्ही वेळा शहाण्यासारखा सरळ आला. शेजारणी म्हणू लागल्या, मनाचं आहे. खरं सांगते, मलाही माझा भरवसा वाटेना. या दुखण्यापायी यंदा कानबाईच्या रोटाला, म्हणजे आमच्या देवीच्या श्रावणातल्या सणाला, खानदेशात गावीही जाता आलं नाही. देवीच रुसली, असं मी मनात घेऊन बसले होते.

मग मोठ्या डॉक्टरांनी एक दिवस-रात्र अंगावर ठेवायचं मशीन दिलं. वायरी छातीवर, डबी कमरेला. "रोजचं काम करा. धडधड झाली की बटण दाबा आणि वेळ लिहा," असं तिथल्या ताईंनी बजावलं. तो नेमका कानबाईच्या विसर्जनाचा सोमवार होता. घरी येऊन मी हात जोडले, आई, आजचा दिवस धडधड होऊ देऊ नकोस, रिपोर्ट चांगला येऊ दे. एवढ्यावर न थांबता उंबऱ्यापाशी पाट टाकला आणि अजिबात हलायचं नाही असं ठरवून बसले. आमचे हे पलसाण्याच्या मिलमध्ये कामाला, त्या दिवशी रजेवर होते. हसून म्हणाले, "अगं, मशीनला फसवायला बसलीस का?"

दुपारच्या सुमारास गल्लीतून वाजतगाजत कानबाई निघाली. नथ-डोळे लावून सजवलेला नारळ पाटावर, आणि तो पाट एका अनोळखी म्हातारीच्या डोक्यावर. ती बरोबर माझ्या दारात थांबली. "माय, मनी मान दुखी ऱ्हायनी. दोन पावलं तू ली चाल वं." मी आजारी आहे, असं सांगता आलं असतं. पण जिच्यासाठी झुरत होते ती आईच दारात आलेली, नाही कशी म्हणणार? मी पाट डोक्यावर घेतला.

दहा-बारा पावलं गेले असेन, तोच धडधड उसळली. भीतीपेक्षा राग जास्त आला. एवढं एकच मागितलं होतं तुझ्याकडे! म्हातारीने पाट परत घेतला, माझ्या पाठीवरून हात फिरवला. "घाबरू नको वं माय. ती देखी ऱ्हायनी." पाटावरची आई बघते आहे, म्हणाली. ह्यांनी धावत येऊन मला खाली बसवलं, बटण दाबलं, वेळ लिहिली.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी कागदावर बटण दाबलं त्या वेळेचं ठिकाण दाखवलं. "सापडलं, बरं झालं. तापानंतर काहींना असे जादा ठोके पडतात. तुमचं हृदय चांगलं आहे, थोडे दिवस गोळी घ्या. हा रिपोर्टही चांगलाच आला असता, तर मीसुद्धा मनाचंच म्हणालो असतो." मी तिथेच रडले. दुखणं खरं होतं, आणि घाबरण्यासारखंही नव्हतं.

ज्यांच्या घरची ती कानबाई, त्यांच्याकडे म्हातारीची चौकशी केली. कुणाची तरी पाहुणी होती, मंगळवारीच गाडीने गावी गेली, असं कळलं. मी अधिक खोदून विचारलं नाही.

आता धडधड क्वचितच होते, आणि झाली तरी जीव घाबरा होत नाही. सकाळी दिवा लावून आईला हवं-नको सांगते, पण कसं द्यायचं ते सांगत नाही. त्या सोमवारी तिने माझं ऐकलं असतं, तर मी अजून त्या उंबऱ्यापाशी न हलता बसलेली असते.