बारीक पिनचा चार्जर

"आबा, आता सरकारचाच नियम आहे, सगळ्या फोनना एकच पिन. टाका की हे भेंडोळं!" असं म्हणत नातीने माझा खण जमिनीवर उपडा केला. वायरींच्या गुंत्यात बारीक पिनचा चार्जर दिसला आणि हॉस्पिटलमधली ती दुपार समोर उभी राहिली.

वॉर्डात नातेवाईक खाटांमधून विचारत फिरायचे, "बारीक पिन आहे का हो कुणाकडे?" ज्याच्याकडे असे, तो मुकाट्याने काढून देई. तिथे दाखल असलेल्या माझ्या बायकोचा, सुमनचा, फोन चार्जिंग संपून बंद पडला होता. तिला ताईशी, तिच्या थोरल्या बहिणीशी, बोलायचं होतं आणि नंबर त्या फोनमध्येच होता. ताईंचं आणि माझं तेव्हा वाकडं होतं. शेजारच्या मावशींनी चार्जर दिला. मी प्लगपाशी पाठमोरा उभा राहिलो आणि पिन लावलीच नाही.

"बसत नाही गं."

"फिरवून बघा ना जरा."

मी फिरवून बघितल्यासारखं केलं. संध्याकाळी ती गेली. ताईंनाही मी तेच सांगितलं.

नियम चांगला आहे. यापुढे माझ्यासारख्याला पिनेच्या आड लपता येणार नाही.

नातीने कपाटातला सुमनचा फोन आणून चार्जरला लावला. जरा वेळाने पडदा उजळला.

"बसली की, आबा!"

"तेव्हाही बसली असती," मी म्हणालो. "तुझ्या फोनवरून ताईआजीला लाव. मला बोलायचंय."