डाव्या वाटेवरची फांदी

बायकोला ठाऊक नाही. कंपनीत वीस वर्षं माझ्या शेजारी बसून डबा खाणाऱ्यांना नाही. गेलेल्या आईच्या फोटोसमोरसुद्धा मी हे कधी पुटपुटलो नाही — आणि तुम्हाला, ज्यांचं तोंडही मी पाहिलेलं नाही, सांगायला बसलोय. सातवीतून शाळा सोडलेला माणूस मी, लिहिताना हात अडतो. पण आज तो तेवढ्यानेच अडत नाहीये.

मी जालन्याकडचा. शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल, विजेचे खांब उभे करणाऱ्या टोळीबरोबर मुरबाड तालुक्यात आलो. सिद्धगडाच्या पायथ्याला एक ठाकरवाडी होती, तिथं खड्डे खणायचं काम. खांब उभे राहिले, टोळी पुढच्या गावाला गेली — आणि मला तिथंच टाकून गेली, कारण मी हिवतापाने फणफणलो होतो. मुकादमाने जाताना मागे वळूनही पाहिलं नाही.

मला उचललं ते हिरामणने. माझ्याच वयाचा, एकोणीस-वीसचा. त्याच्या घरात मी चार महिने राहिलो. त्याची आय मला आधी वाढायची, मग त्याला. मी संकोचलो की म्हणायची, "खा रे पोरा, लाजतोस कशाला? घरातल्याला कोन मोजतो?" त्याचे वडील, गोमाबाबा, माझ्यासाठी रानातून कडू पाला आणून उकळायचे. त्या घराचे उपकार मी मानतो. रोज मानतो. तेव्हाही मानायचो — आणि त्याच वेळी त्या घराचा मला संताप यायचा. दुसऱ्याच्या ताटात रोज जेवून पाहिलंय कधी तुम्ही? प्रत्येक घासाला वाटतं, उद्या हे हाकलतील. ते हाकलत नाहीत, म्हणून आणखी राग येतो. हिरामणचं हसणं, त्याचं "आमच्या घरातला हाय" म्हणणं, मला खडीसारखं टोचायचं. ही माझी तेव्हाची नियत. आजही ती पुरती गेलीय असं मी म्हणणार नाही.

एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या रानात वाटांना फाटे फार. पुढे गेलेला माणूस जी वाट धरायची नाही तिच्यावर हिरवी फांदी आडवी टाकतो, वर दगड ठेवतो. मागचा येतो, फांदी बघतो, दुसरी वाट धरतो. वाडीतलं कोणी फांदी ओलांडत नाही. मी एकदा रानात चुकलो तेव्हा गोमाबाबांनीच हे मला शिकवलं. म्हणाले, "मानूस खोटा बोलंल. फांदी नाय बोलायची."

तर — सव्वीस जानेवारीला खालच्या गावातल्या मंडळाने डोंगरदौड ठेवली. शाळेच्या मैदानातून चढून पठारावर जायचं, तिथं हाताला लाल दोरा बांधून घ्यायचा, दुसऱ्या अंगाने उतरून मैदानात यायचं. मंडळाचा प्रमुख एका कारखान्यात सुपरवायझर होता. त्याने माइकवरून सांगितलं, पहिला येईल त्याला कंपनीत लावतो, कायम. कप कोणाला हवा होता? नोकरी! हिरामणला ती हवी होती, कारण नाहीतर त्याला घरच्यांसकट भट्टीवर जावं लागणार होतं, पावसाळा येईपर्यंत विटा पाडायला. मला हवी होती, कारण — मला त्या घरातून सुटायचं होतं.

बाहेरचा म्हणून मंडळ माझं नाव घेईना. हिरामण पुढे झाला. "आमच्या घरातला हाय. त्याचा नाव नाय, तर माझा पन नको." त्यांनी नाव घेतलं. नंबर लावताना त्यानेच आपल्या हाताने माझ्या सदऱ्याला पिन टोचली.

वाटेवर खुणा करायचं काम गोमाबाबांकडे होतं. मंडळाने चुना मारला होता, पण दव आणि गुरांच्या खुरांनी तो पुसट झालेला. म्हणून म्हातारा पहाटेच जाऊन फाट्याफाट्यावर फांद्या टाकून आला.

चढावर आम्ही दोघंच पुढे होतो. गावातली धष्टपुष्ट पोरं, नवे बूट घातलेली, मागे धापा टाकत होती. पठारावर दोरा बांधला. उतरणीच्या तोंडाशी वाघोबाचं ठाणं आहे, शेंदूर लावलेला दगड. वाडीतला माणूस त्याला हात जोडल्याशिवाय पुढे जात नाही, शर्यत असो की आग लागलेली असो. हिरामण थांबला, चपला काढल्या. मला म्हणाला, "तू हो पुढं, मी धरतोच तुला."

धरलंच असतं त्याने. उतरणीवर तो शेळीसारखा धावायचा.

मी वाघोबापुढे थांबलो नाही. वळण घेतलं आणि फाटा आला. उजवी वाट सरळ मैदानात उतरणारी. डावी ओढ्याकाठून मोठा फेरा घालून सडकेला लागणारी. मागे त्याच्या टायरच्या चपलांचा आवाज सुरू झाला होता — फट्, फट्, फट्. मी विचार केला का? केला. तुम्हाला वाटेल क्षणभर डोकं फिरलं असेल. नाही. मला नीट कळत होतं, मी काय करतोय. कोणी बघत नाही ना, हेही मी पाहून घेतलं.

हिरामण फाट्यावर आला तेव्हा उजव्या वाटेवर फांदी होती. त्याला दोन्ही वाटा पाठ होत्या. डावी लांबची आहे, हे कळत होतंच. पण मंडळाने वाट बदलली असेल, बापाला तसं सांगितलं असेल, असं त्याने धरलं. बापाची फांदी समोर असताना पुसट चुना कोण बघतो? तो डावीकडे गेला. मागची पोरं त्याच्या मागे गेली, कारण वाट कळते ती ठाकराला.

मी एकटा मैदानात पोचलो. ढोल वाजला. बऱ्याच वेळाने बाकीचे सडकेच्या बाजूने, भलत्याच दिशेने उगवले, हिरामण सगळ्यात पुढे. मग आरडाओरडा. मला विचारलं, तू कसा बरोबर आलास? मी म्हणालो, "फांदी होती, पण खाली चुना दिसला. मला फांदीचं काय कळतं? मी बाहेरचा." लोक माझी पाठ थोपटू लागले. आणि गोमाबाबांना चारचौघांत ऐकवू लागले. "सकाळीच ढोसून आला असंल म्हातारा!" "ह्याला कोनी सांगितला होता शहाणपना?" गोमाबाबा दारूला शिवत नसत. ते फक्त डोक्याचा रुमाल काढून हातात धरून उभे राहिले. मी कप छातीशी धरला होता.

त्या संध्याकाळी आयने मला आधी वाढलं. जिंकून आलेला म्हणून सुकटीचा मोठा वाटा माझ्या ताटात. हिरामण जेवला नाही. बापाकडे न बघता म्हणाला, "बा, तू माझीच वाट बंद केलीस." मी हात धुवायला बाहेर आलो तेव्हा गोमाबाबा मागून आले. हळूच विचारलं, "पोरा, तू पाह्यलंस ना. मी उजवीकडं टाकली व्हती का रे?"

सांगायला एवढीच वेळ होती. एक शब्द पुरला असता.

मी म्हणालो, "टाकली असेल, बाबा. पहाटे धुकं होतं."

त्यांनी मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिले.

आठवड्याने मी कंपनीत लागलो. हिरामण भट्टीवर गेला. पुढे कंपनीने मला दुसऱ्या राज्यात धाडलं; घर झालं, मुलं शिकली. मधे, शर्यतीनंतर सात-आठ वर्षांनी, एकदा वाडीवर गेलो. आयने भाकरी केली. हिरामण वाडीच्या दुसऱ्या टोकाला वेगळा राहत होता. बापाशी बोलणं तुटलेलं. गोमाबाबा ओट्यावर बसले होते. रानात जात नव्हते. त्या दिवसापासून त्यांनी कधी कोणासाठी फांदी टाकली नाही, आय म्हणाली. मला जवळ बसवून ते म्हणाले, "डोळ्यांनी घात केला बघ माझा. पोराचा नशीब मी आडवला." माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. मी म्हणालो, "जाऊ द्या, बाबा." आणि भाकरी खाऊन बस पकडली.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. मला पत्र आलं. मी गेलो नाही.

गोमाबाबांचे डोळे चांगले होते. फांदी त्यांनी डाव्या वाटेवरच टाकली होती, करंजाची, आणि वर काळा दगड ठेवला होता. फांदी उचलायला एक हात लागला. दगडाला दोन.