एक दिवस उशिराच्या बातम्या

मला एका जागी बसवत नाही. बातम्या वाचतानाही टेबलाखाली पाय हलत असायचा. कॅमेरा वरचं अर्धं अंगच दाखवतो म्हणून निभावलं. वर्ध्यातल्या आमच्या केबल चॅनलचं ऑफिस म्हणजे दवाखान्याच्या वरची एक खोली. मागे निळा पडदा, आणि घरघर माइकमध्ये येते म्हणून पंखा बंद. सकाळी मोटारसायकलवर शूटिंग, दुपारी एडिटिंग, संध्याकाळी सातला वाचायलाही मीच. घरचे म्हणत, एक ना धड भाराभर चिंध्या.

आता आमच्या बातम्या मोबाईलवर क्षणात कुठेही जातात. तेव्हा त्या वर्धा आणि बोरगाव मेघेतच त्याच दिवशी दिसत. हिंगणघाटच्या केबलवाल्यासाठी आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीच्या कंडक्टरकडे पेनड्राइव्ह द्यायचो, आणि केबलवाला तो त्या संध्याकाळी सातला लावायचा. म्हणजे आमचा सोमवार हिंगणघाटला मंगळवारी उजाडायचा. मला ते खुपायचं. मालकांना बोललो तर म्हणाले, "काय फरक पडते बे? आज तुंबलेली नाली उद्याही तुंबलेलीच राह्यते." मी हसलो आणि दुसऱ्या कामाला पळालो.

एका सोमवारी दुपारी बोरगाव मेघेतले एक निवृत्त मास्तर वारले. निम्म्या शहराने त्यांची छडी खाल्लेली. मुलगा फोटो देऊन गेला आणि सातच्या बातम्यांत मी वाचलं, "अंत्ययात्रा उद्या सकाळी दहा वाजता राहत्या घरून निघेल." नेहमी असंच वाचायचो. जवळच्यांना फोन गेलेलेच असत. मंगळवारी दहाला अंत्ययात्रा निघाली, मी शूट केली आणि संध्याकाळी दाखवली.

बुधवारी सकाळी फोटो परत द्यायला गेलो. मास्तरांच्या पत्नी ओट्यावर बसल्या होत्या. तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. पांढरा सदरा घातलेले एक म्हातारे गृहस्थ उतरले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला हार. रिकामं अंगण पाहून त्यांनी घड्याळ पाहिलं.

"दहाले पाच कमी हायेत. नेलं का वो, वहिनी?"

"काल नेलं. काऊन आता आले, भाऊजी?"

हे मास्तरांचे धाकटे भाऊ, हिंगणघाटला राहणारे. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं, तेव्हापासून दोघांत अबोला. म्हणून मुलाने त्यांना फोन केला नव्हता. त्यांनी मला ओळखलं.

"टीव्हीवर तुमीच सांगतलं ना काल? उद्या दहा वाजता म्हणून?"

आमच्या बातम्या शिळ्या असतात हे अख्ख्या हिंगणघाटला ठाऊक होतं, पण अशा वेळी कोणाला सुचतं? मी त्यांना एसटी, पेनड्राइव्ह, सगळं सांगितलं. चूक आमची, म्हटलं. तारीख वाचली असती तरी ते पोचले नसतेच, पण रात्रभर आशेवर तरी राहिले नसते. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. लाजेने पाय तिथून पळायला बघत होते.

त्यांनी हार ओट्यावर ठेवला. "रातभर झोपलो नाई. वाटलं, बोललो नाई तर नाई, एक डाव तोंड तरी पाहून घेतो." मग त्यांनी मला विचारलं, "काल तुमी शूटिंग केली असन ना?"

"केली, काका."

"मंग ते आज आमच्या इकडे दिसन?"

"हो. सात वाजता."

त्यांच्या चेहऱ्यावर एकदम तरतरी आली. वहिनींनी चहाला थांबवलं तर म्हणाले, "नाई, निंगतो. उशीर नाई झाला पाह्यजे आता." आणि त्याच ऑटोने बसस्टँडकडे परतले.

ती बातमी जेमतेम अर्ध्या मिनिटाची होती. मयताचा चेहरा आम्ही कधीच दाखवत नसू. हे मी त्यांना सांगितलं नाही.